छावण्यांच्या गावांतून : हिंगोली

सोमवार

पूर्णेहून अकोल्याकडे निघालेली गाडी वसमतला थांबली, तेव्हा डब्यात हळदीच्या भावावरून जी चर्चा पेटली ती हिंगोली आलं तरी विझली नव्हती. मी नगरहून आलेलो. दोन्ही महायुद्धांत जर्मनांना जिथं तारांच्या कुंपणाआड ठेवलं होतं, त्या छावणीबद्दल मागच्या लेखांकात लिहिलंच आहे. हिंगोलीत असं कुंपण आता नाही. पण स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "रिसाल्यात जायचं का पेन्शनपुऱ्यात?" आणि मी योग्य गावी उतरल्याची खात्री पटली.

पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. लष्कर जाऊन शंभरावर वर्षं झाली, तरी पत्ते त्याच्याच नावानं सांगतात. ही हैदराबाद कंटिन्जंटची छावणी. अधिकारी इंग्रज, पगार निजामाच्या तिजोरीतून. त्या खर्चापोटी 1853 मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. आपल्याच पैशानं आपल्याच उरावर पहारेकरी बसवून घेण्याचा असा व्यवहार दुसरा क्वचितच सापडेल. 1903 मध्ये कंटिन्जंट हिंदुस्थानी फौजेत विलीन झाली आणि छावणी उठली.

मंगळवार

सदर बाजारात सकाळपासून पायपीट. या छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा कापडवाला होता. चोख हिशेबाचा, साहेब लोकांत ऊठबस असलेला. कॅप्टन मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला अधिकारी स्वतः त्याच्याशी व्यवहार करायचा. त्यानंच 1839 साली ठगांवरच्या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ही हकिगत लिहून ठेवली आहे.

एकदा हरीसिंगानं मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे अर्ज केला : मुंबईहून कापड आणायचंय, परवाना द्या. परवाना मिळाला. कापड खरंच मुंबईहून निघालं होतं, फक्त ते दुसऱ्याचं होतं. जवळच्याच एका गावचा व्यापारी स्वतः मालाबरोबर येत होता. हरीसिंगानं वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांनाही संपवलं, आणि परवाना दाखवत माल छावणीत आणून उघड विकला. पुढं पकडला गेल्यावर त्यानंच कबुली दिली म्हणून हे कळलं, तीही एखादा फक्कड विनोद सांगावा तशी.

त्याच्या टोळीनं खुद्द या बाजारातही माणसं मारली. टेलर अंतरंही देतो : मुख्य गार्डापासून शंभर यार्डांच्या आत खून, आणि संत्र्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरलेली प्रेतं. माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखवल्या, खड्डे उकरले, तेव्हा टेलर तिथं हजर होता.

भर बाजारात मी शंभर पावलं चालून पाहिली. एका भांड्यांच्या दुकानापासून निघालो ते रसवंतीपाशी संपली. एवढ्यात हाक सहज ऐकू येते. संत्री झोपले असतील असं मला वाटत नाही. ते छावणीबाहेरून येणाऱ्या दरोडेखोराची वाट बघत असणार, आणि हरीसिंगाला रोज रामराम घालत असणार.

बुधवार

पहाऱ्याचं हिंगोलीशी असलेलं नातं छावणीबरोबर उठलं नाही. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 इथंच आहे. चहाच्या टपरीवर त्याच गटातून निवृत्त झालेले एक हवालदार भेटले. पांढऱ्या मिशा, बाकावरही पाठ ताठ.

"दोन तास उभं, चार तास आराम," काका बशीत चहा ओतत म्हणाले. "आराम म्हणजे बूट घालूनच आडवं व्हायचं. पहाटेची पाळी सगळ्यात वाईट बघा, सर. तीन वाजल्यानंतर बंदुकीचं वजन दुप्पट होतंय."

मी त्यांना देहरादूनची गोष्ट सांगितली. नगर आणि देवळालीनंतर बऱ्याच जर्मन-ऑस्ट्रियन कैद्यांना तिथं हलवलं होतं. त्यांत गिर्यारोहक हाइन्रिख हारर होता. 29 एप्रिल 1944 ला सात जण भरदिवसा फाटकातून चालत बाहेर पडले. दोघं इंग्रज अधिकाऱ्यांच्या वेशात. बाकीचे तोंडं रंगवून, खांद्यावर शिडी आणि काटेरी तारेचं भेंडोळं घेतलेले, कुंपण दुरुस्तीचे मजूर. पहारेकऱ्यांनी अडवलं तर नाहीच, वर कडक सॅल्यूट ठोकला. हारर पुढं ल्हासापर्यंत पोचला.

टपरीवाला खो खो हसला. काका हसले नाहीत.

"सॅल्यूट नसता मारला तर त्याच दिवशी पेशी झाली असती," ते म्हणाले. "साहेबाला 'ओळखपत्र दाखवा' म्हणायचं? मी एकदा म्हणलो होतो. साहेब खरा निघाला."

"मग?"

"मग काय, आठवडाभर पहाटेची पाळी."

चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत. उद्या सकाळच्या एसटीनं नर्सी नामदेव, तिथून जमलं तर औंढा.