सार्वकालिक शिक्षा आणि परक्याचे प्रायश्चित्त

येशूच्या क्रुसावरील मरणाने देव आणि मनुष्य यांच्यात घडलेल्या समेटाला मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘प्रायश्चित्त’ म्हणतात. शब्द स्मृतिग्रंथांच्या ओळखीचा असला तरी तेथे पापी स्वतः प्रायश्चित्त घेतो आणि येथे ते त्याच्यासाठी दुसराच करतो, म्हणून त्या दुसऱ्याने नेमके काय केले, यावरूनच वादाला तोंड फुटते.

कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने अकराव्या शतकाच्या अखेरीस मांडलेल्या उपपत्तीनुसार अपराधाचे गुरुत्व ज्याचा अपराध झाला त्याच्या थोरवीवर अवलंबून असते, म्हणून देवाचा अवमान हे अपरिमित ऋण ठरते. ते फेडण्याचे दायित्व माणसाचे आणि ऐपत केवळ देवाची, यास्तव फेडणारा देवही हवा व माणूसही. पुढच्या शतकात पीटर आबेलार याने मात्र क्रुसात ऋणफेडीपेक्षा माणसाचे मन वळवणारे प्रेम पाहिले. हा भेद क्रुसापाशी थांबत नाही: ऋण अपरिमित मानले की ज्याचे ते फिटले नाही त्याची शिक्षाही अपरिमित होते, आणि तारणारे ते प्रेमच असे मानले की ते कोणत्या घटकेला थकते, हे सांगावे लागते.

शिक्षेच्या मुदतीचा वाद मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातील एका विशेषणावर येऊन ठेपतो. ‘युग’ या अर्थाच्या ‘आयोन’ शब्दापासून बनलेले ‘आयोनिओस’ हे ग्रीक विशेषण मराठी बायबलात ‘सार्वकालिक’ होते आणि एकाच वाक्यात शिक्षेलाही लागते व जीवनालाही. तिसऱ्या शतकातील ओरिजेनने सर्व जीव अखेरीस देवाकडे परततील, अशी आशा बाळगली होती. उलट ऑगस्टीनने या वाक्याच्या आधारे बजावले की, शिक्षेला अंत मानणाऱ्याने जीवनालाही अंत मानावा. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक फ्रेडरिक डेनिसन मॉरिस यांनी दोन्हीकडे एकच अर्थ ठेवूनही निष्कर्ष बदलला: हे विशेषण काळाची लांबी सांगत नसून देवाशी असलेल्या नात्याचे स्वरूप सांगते, म्हणून देवाला ओळखणे हे सार्वकालिक जीवन आणि त्याला मुकणे ही सार्वकालिक शिक्षा. सर्वांचे तारण होईलच, असे त्यांनीही म्हटले नाही. तरीही १८५३मध्ये त्यांना पद गमवावे लागले.

शिक्षा किती काळ, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम आहे. क्रुसावर ऋण फिटले की मन वळवले गेले, हे ज्याने ठरवले नाही, त्याने नरकाची मुदत सांगण्याची घाई करू नये.