वहीच्या कडेला

1994 च्या आषाढात दुबलगुंडीच्या शाखेत व्यवस्थापक म्हणून रुजू झालो. पहिल्या तीन महिन्यांचा बेत वहीत तयार होता : आधी थकबाकीच्या नोटिसा, मग वसुली, शेवटी नवी कर्जे. वही पाहून आमचे शिपाईमामा म्हणाले, "जरा तडीरी, साहेब. आत्ता पैसा मातीत आहे. मूग-उडीद भाद्रपदात येतो, तूर पौषात."

पण पहिली नोटीस गेली होती. आठवड्याने तो शेतकरी सगळी रक्कम घेऊन आला. कोळपणी तोंडावर असताना त्याने बैल विकला होता. पावतीवर सही करताना मला त्याच्याकडे पाहवेना.

त्या रात्री वहीच्या कडेला पिकांचे महिने लिहिले. पुढे बदली होईल त्या गावी मी आधी तेच विचारत गेलो.