अर्पणपत्रिकेनंतर

महात्मा फुल्यांचे 'गुलामगिरी' आपल्यापैकी बहुतेकांनी परीक्षेपुरते तरी चाळलेले असते. १८७३ साली निघालेल्या या पुस्तकाची अर्पणपत्रिका मात्र आपण घाईघाईने उलटून पुढे जातो. पुण्यातल्या या माणसाने आपले पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतील सज्जनांना. काळ्या गुलामांना दास्यातून सोडविण्याच्या कामी त्यांनी जे औदार्य दाखविले त्याबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा अशी आशा धरून. ते पान वाचले की मला एकच प्रश्न पडतो. ज्यांच्या सुटकेचा आनंद फुल्यांना पुण्यात बसून झाला, त्यांचे पुढे काय झाले?

१८७३ हे साल मोठ्या आशेचे होते. अमेरिकेतले यादवी युद्ध संपून आठ वर्षे झाली होती. १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हा पहिला काळा गृहस्थ सिनेटमध्ये जाऊन बसला होता. दक्षिणेतले काळे पुरुष मतदान करीत होते. अवघ्या चार वर्षांनी, १८७७ मध्ये, केंद्र सरकारचे सैन्य दक्षिणेतून मागे घेण्यात आले आणि दिलेले हक्क एकेक करून काढून घेतले गेले. १८९६ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानेच आगगाडीच्या वेगळ्या डब्यांना मान्यता दिली. फुल्यांनी ज्या पहाटेला नमस्कार केला, तिच्यापाठोपाठ दिवस आलाच नाही. पुन्हा रात्र झाली.

अशा वेळी माणसे आशा कशाच्या जोरावर धरतात? आमच्या वसतिगृहातला एक मित्र म्हणतो, आशा हे गरिबाच्या हाती दिलेले खेळणे आहे. आणि धर्माबद्दल तर त्याचे मत याहून जहाल आहे. त्याच्या बाजूला पुरावाही आहे. मळेवाल्या मालकाच्या हातात बायबल होतेच, आणि नोकराने धन्याच्या आज्ञेत राहावे एवढाच त्यातला उपदेश तो गुलामांना ऐकवीत असे. पण गुलामांनी त्याच ग्रंथातून मोझेसची कथा उचलली. फेरोच्या तावडीतून एक अख्खा समाज बाहेर पडतो, ती. ज्यांना अक्षर शिकण्याची बहुतेक ठिकाणी बंदी होती, त्यांनी केलेले हे वाचन मला आपल्या सर्व समीक्षेहून मोठे वाटते. (प्राध्यापकांनी राग मानू नये!)

देव आहे की नाही, या वादात मला शिरायचे नाही. माझे लक्ष जाते ते चर्चच्या इमारतीकडे. तिथे गोऱ्या माणसाची परवानगी न घेता जमता येई, गाता येई, वर्गणी गोळा करून तिचा हिशेब ठेवता येई. अलाबामातील मॉन्टगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना बसमधली जागा न सोडल्याबद्दल अटक झाली. त्या रात्री काळ्यांच्या सरकारी महाविद्यालयात इंग्रजी शिकविणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी एक सहकारी आणि दोन विद्यार्थी यांच्या मदतीने, महाविद्यालयाच्याच सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रके काढली. बसमध्ये चढू नका, एवढाच त्यांचा मजकूर. ५ डिसेंबरला बसगाड्या जवळजवळ रिकाम्या धावल्या, आणि संध्याकाळी होल्ट स्ट्रीटवरच्या चर्चमध्ये बहिष्कार पुढे चालू ठेवण्याचे ठरले.

सकाळची गाडी चुकली की मी घरापासून सहा किलोमीटर चालत कॉलेजला येतो. आठवड्यात दोनदा असे घडले तरी तिसऱ्या दिवशी पाय कुरकुरू लागतात. तिथली माणसे ३८१ दिवस बसमध्ये चढली नाहीत. त्यांत गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका फार. ज्यांना चालवत नसे त्यांच्यासाठी चर्चच्या नावावर मोटारी घेतल्या गेल्या. जॉर्जिया गिल्मोर नावाची एक स्वयंपाकीण आणि तिच्या मैत्रिणी केक विकून पैसे जमवीत. बायकांची नोकरी जाऊ नये म्हणून, पैसा कुठून आला असे कुणी विचारलेच, तर ती सांगे, 'कुठूनच नाही!' मार्टिन ल्यूथर किंगची भाषणे आपण वक्तृत्वस्पर्धेत पाठ म्हणतो. मला त्या केकचा हिशेब पाहायला आवडला असता. आणि सुरुवातीची मागणी तरी केवढी? बसमध्ये सौजन्याने वागवा, आणि आधी येणाऱ्याला आधी जागा द्या. विभागणी मोडा, असे त्यांनी प्रथम म्हटलेदेखील नव्हते.

ती मोडली न्यायालयात, आणि तेथील चार वादींपैकी एकीची आठवण फारशी कुणी काढीत नाही. क्लॉडेट कॉल्विन. पार्क्सबाईंच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी जागेवरून उठली नव्हती. शाळेत नुकतेच काळ्यांच्या इतिहासाचे धडे झाले होते, आणि हॅरिएट टबमन आणि सोजर्नर ट्रूथ यांचे हात आपल्या खांद्यांवर होते असे तिने पुढे सांगितले. पोलिसांनी तिला ओढत नेले. वय लहान, घर गरीब. पुढाऱ्यांनी लढ्याचा चेहरा म्हणून तिला निवडले नाही. तरीही १९५६ मध्ये तिने न्यायालयात साक्ष दिली, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बसमधली विभागणी बेकायदा ठरविली.

तिच्या नावावरचा गुन्हा मात्र दप्तरात तसाच राहिला. तो २०२१ मध्ये पुसला गेला, तेव्हा ती ८२ वर्षांची होती. या वयात अर्ज कशासाठी? आता वाढणाऱ्या पिढीला दिसावे, की गोष्टी बदलू शकतात. असे तिने कारण दिले.