दप्तरी दाखल

तो कुठं राहतो हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. पण आहे, एवढं सगळे छातीठोकपणे सांगतात. दिल्लीला असेल, मुंबईला असेल, जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत सामान हलवताना एखाद्या गठ्ठ्याखाली राहिला असेल. आमच्याकडे घर सोडून गेलेल्या चुलत्याबद्दल अशाच आवाजात बोलतात. परवा कुणीतरी त्याला परळीच्या स्टेशनात पाहिलं म्हणे.

26 एप्रिल 1993 ला दुपारी एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737 औरंगाबादच्या चिकलठाण्याहून मुंबईला निघालं. धावपट्टी संपता संपता जमिनीवरून उठलं, पलीकडच्या बीड रस्त्यावरून चाललेल्या रुईच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, तिथून तीनेक किलोमीटरवर विजेच्या तारांत सापडलं आणि पडलं. विमानात 118 माणसं होती. 55 गेली, 63 वाचली. या अपघाताचा जो चौकशी अहवाल झाला, तोच आमचा हा बेपत्ता गृहस्थ.

मी त्याच्या मागं लागलो ते वडिलांमुळं. वडील नांदेडच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये काट्यावर होते. उभी हयात गाठी मोजण्यात, त्यांच्यावर नंबर घालण्यात आणि ट्रक भरून देण्यात गेली. एक गाठ साधारण 170 किलोची. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली, बाहेरून कापडात शिवलेली. हमालांनी ती आकड्यानं ओढून ट्रकवर चढवली की ट्रक चाकांवर बसायचा, तो आवाज मला अजून ऐकू येतो. अपघाताची बातमी रेडिओवर आली तेव्हा घरातले सगळे माणसांबद्दल विचारत होते. वडिलांनी विचारलं, ‘गाठी कुठल्या प्रेसच्या होत्या?’ आईनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते पुन्हा बोलले नाहीत. पण प्रश्न गेला नाही. पुढं कितीतरी वर्षं, जेवताना, मधूनच: ‘किती थर भरले असतील रे?’ ज्या मालावर पोट चाललं, त्या मालाला विमान अडकलं, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात कधी बसलीच नाही.

तेव्हा लातूरला नुकतीच धावपट्टी झाली होती, नांदेडची तर त्याहून कितीतरी जुनी. पण आमच्या भागात ‘विमानानं गेला’ म्हटलं की आधी औरंगाबादला गेला असंच समजायचं. त्यामुळं अपघात तिकडचा असला तरी आपल्या दारातला वाटला. पाच महिनेच वाटला. 30 सप्टेंबरच्या पहाटे भूकंपानं किल्लारी हलली आणि मराठवाड्याचं 1993 साल कायमचं तिच्या नावावर झालं. लातूरच्या एका अभिलेख कक्षात मी ‘त्र्याण्णव सालचं’ एवढंच म्हणालो, तर तिथल्या मावशींनी पुढचं ऐकलंसुद्धा नाही. ‘किल्लारीचं त्या तिकडं, भिंतीपास्नं खिडकीपर्यंत. कोणतं गाव तुमचं?’ लाल कापडात बांधलेले बस्ते छतापर्यंत गेले होते. माझं कुठलंच गाव नव्हतं. मी विमान म्हणालो तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं नीट पाहिलं.

या गृहस्थाला नावानं शोधायला जाऊ नये. औरंगाबाद शहराचं नाव बदललं. विमान कंपनी एअर इंडियात विरून गेली. अहवालानं ज्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाकडं बोट दाखवलं, तेही 1995 मध्ये दुसऱ्या संस्थेत विलीन होऊन भारतीय विमानतळ प्राधिकरण झालं. अर्जात आजची नावं लिहिली तर ‘असा अपघात आढळून येत नाही’, जुनी लिहिली तर ‘अशी संस्था अस्तित्वात नाही’. बदललं नाही ते एकच, विमानाच्या शेपटीजवळ रंगवलेलं नोंदणीचं नाव: व्हीटी-ईसीक्यू. अहवालांच्या या घराण्यात नाव, गाव, आडनाव सगळं तेच. ते माहीत नसेल तर दारातूनच परत.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, सोबत कायद्याच्या कलम 8(3) चा दाखला. वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, दोन-तीन अपवाद सोडले तर, द्यावीच लागते असं ते कलम म्हणतं. उत्तर अगदी तिसाव्या दिवशी आलं: अर्ज कलम 6(3) अन्वये अमुक कार्यालयाकडं वर्ग केला आहे. त्या कार्यालयानं तमुक कार्यालयाकडं वर्ग केला. 6(3) हे कलम ज्यानं लिहिलं त्याला लग्नातल्या पंगतीचा अनुभव असावा. वाढपी नेहमी पुढच्या पंगतीकडं बोट दाखवतो. तिसऱ्या कार्यालयानं मात्र स्वच्छ लिहिलं, ‘सदर अभिलेख शोध घेऊनही आढळून येत नाही.’ नाही असं नव्हे हं, आढळून येत नाही. त्या दोन्हींत सरकारी माणसाची अख्खी नोकरी मावते.

गंमत अशी की सरकारी कागदपत्रं कशी जपावी, किती वर्षांनी राष्ट्रीय अभिलेखागाराकडं सोपवावी, हे सांगणारा सार्वजनिक अभिलेख कायदा आपल्याकडं झाला तो 1993 मध्येच. अपघात आणि कायदा, दोघं एका सालचे. इकडं आपल्या महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत कागदांची जात अ-ब-क-ड अशी ठरते. ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘ड’ म्हणजे वर्षभरात रद्दी. या अपघाताचा स्थानिक पातळीवरचा एखादा पंचनामा कुणी ‘ब’ मध्ये टाकला असेल, तर त्याचं आयुष्य 2023 मध्ये संपलं. त्याच वर्षी जिल्ह्याचं नावही बदललं.

या घराण्याची रीतभात सांगायला हवी, कारण ती आपल्या कुठल्याच नातेवाइकात नाही. विमान अपघाताचा अहवाल कुठल्याही देशातला घ्या, अंगकाठी एकच. आंतरराष्ट्रीय करारानं ठरवून दिलेली. आधी उड्डाणाची हकीकत, मग माणसांना झालेल्या इजा, मग विमानाचं नुकसान, मग इतर नुकसान. पुढं वैमानिक, विमान, हवामान, विमानतळ, अवशेष, आग, कोण कसं वाचलं. त्यानंतर विश्लेषण, निष्कर्ष, शिफारशी. माणसं दुसऱ्याच क्रमांकावर येतात, पण चौकटीत, आकड्यांनी: मृत, गंभीर, किरकोळ. रडणारं कुणी भेटत नाही. बऱ्याचदा यांचं घड्याळही ग्रीनिचचं. आपली भर दुपार यांच्याकडं सकाळ.

धाकटी पाती मी पाहिली आहे. 25 मे 2017 ला लातूर जिल्ह्यात निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडताच खाली आलं, तारांत अडकलं आणि वस्तीला लागून आदळलं. आतले सगळे वाचले. दुपारपर्यंत हेलिकॉप्टरची तुटलेली पाती महाराष्ट्रातल्या प्रत्येक फोनवर होती. त्याची चौकशी केली विमान अपघात अन्वेषण ब्यूरोनं. ही स्वतंत्र संस्था 2012 पासूनची. त्यांचे अहवाल संकेतस्थळावर पडलेले असतात, कुणीही उघडावे. या पातीचे अहवाल अतिशय सभ्य. पहिल्याच पानावर सांगतात की दोष कुणाचा हे ठरवायला आम्ही आलेलो नाही, पुन्हा असं होऊ नये एवढ्यासाठी आलो. निलंग्यात आजही विचारा, ‘तारा होत्या’, ‘धुरळा उडाला’, ‘देवानं वाचवलं’ असं ऐकायला मिळेल. अहवालाला देव ठाऊक नसतो. त्याला हवेचं तापमान, हेलिकॉप्टरचं वजन आणि तापलेल्या, विरळ झालेल्या हवेत ते किती उचललं जाईल याचं गणित ठाऊक असतं. मे महिन्यात आमच्याकडं हवा विरळ होते हे आम्हाला अंगावर कळतं, त्याला तक्त्यात कळतं.

थोरला मात्र निराळा. तो ब्यूरोच्या आधीचा, न्यायालयासारख्या चौकशीतून आलेला. अशा चौकशीत साक्षी होतात, वकील उभे राहतात, उलटतपासणी होते. त्यामुळं त्याच्या अंगात थोडा न्यायाधीश आहे. तो कारणही सांगतो आणि कुणाचं चुकलं हेही.

शेवटी तो भेटला तो कचेरीत नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यांत काम केलेल्या एका वयस्क वकिलांच्या कपाटात त्याच्या काही पानांची झेरॉक्स होती. झेरॉक्सचीही झेरॉक्स. टाचणीच्या जागी गंजाचे दोन ठिपके, एका कोपऱ्यावर ‘खरी प्रत’चा तिरका शिक्का, अक्षरं मशेरी लावल्यासारखी काळी. वकीलसाहेब म्हणाले, ‘हे घ्या. पण यात बातमीसारखं काही नाही, बरं का.’

खरंच नव्हतं. दोन कारणं होती, एकाच परिच्छेदात, शेजारी शेजारी. पहिलं: वैमानिकांनी विमानाचं नाक उचलायला उशीर केला आणि उचललंही चुकीच्या पद्धतीनं. दुसरं: विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक आवरणं ज्यांचं काम होतं, त्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणानं ते केलं नाही. मूळ कागदावर कुणीतरी पहिल्या वाक्याखाली पेन्सिलनं रेघ ओढली होती, ती झेरॉक्समध्ये करड्या दोरीसारखी उमटली होती. दुसऱ्या वाक्याखाली रेघ नव्हती.

तेव्हा लक्षात आलं की मी तीस वर्षं जे ऐकत आलो होतो ते रेघेचं वाक्य होतं. पानाच्या टपरीवर, एसटीत, लग्नात, सगळीकडं एकच, ‘पायलटची चूक.’ ते खोटं नव्हतं. अर्धं होतं. आणि उरलेला अर्धा भाग रस्त्याचा होता, म्हणजे आपला. विमान यायच्या वेळी कुणीतरी रस्ता बंद करायचा, विमान गेलं की उघडायचा. रेल्वे फाटकावर गेटमन हेच करतो आणि तिथं आपण त्याला शिव्या देत उभे राहतो. तो ट्रकवाला शिव्या द्यायलासुद्धा थांबलेला नव्हता, कारण त्याला कुणी थांबवलंच नव्हतं. रस्ता मोकळा दिसला, निघाला. मराठवाड्यात रस्ता मोकळा दिसल्यावर कोण थांबतं?

अहवाल या ट्रकवाल्याला दोष देत नाही. तेवढं एक मला त्या कोरड्या गृहस्थाबद्दल आवडलं. ट्रक उत्तरेकडून दक्षिणेकडं चालला होता, असं तो म्हणतो आणि पुढं जातो.

आणि मग ते वाक्य आलं, ज्यासाठी मी आलो होतो हे तिथवर मलाही ठाऊक नव्हतं. विमानाचं डाव्या बाजूचं मुख्य चाक आणि डाव्या इंजिनाचं खालचं आवरण ट्रकच्या डाव्या अंगाला लागलं, रस्त्यापासून जवळजवळ सात फुटांवर. सात फूट. कुणीतरी त्या उन्हात, त्या वासात, टेप घेऊन मोजलं असणार. एका हातानं टेपचं टोक धरून दुसऱ्याला ‘बोला’ म्हणून ओरडलं असणार. मृतांच्या नातेवाइकांची गर्दी, पोलीस, अर्धवट जळालेल्या गाठी, आणि एक माणूस सात फूट लिहून घेतोय. त्या वेळी तो लोकांना फार निर्दय वाटला असेल.

मी झेरॉक्स नांदेडला आणली. वडील आता ऐंशीच्या पुढं. वाचायला दिली तर म्हणाले, इंग्रजी आहे, तूच सांग. मी पायलटचं सांगितलं, ‘हं’ म्हणाले. बीड रस्त्याचं सांगितलं, थोडं जास्त वेळ ‘हं’ म्हणाले. सात फुटांचं सांगितलं तेव्हा काठी मागितली.

संध्याकाळी त्यांना स्कूटरवर बसवून जुन्या मोंढ्याकडं नेलं. हंगाम चालू होता. एक ट्रक भरून, वर ताडपत्री टाकून उभा होता. ड्रायव्हर चहा पीत होता. वडिलांनी विचारलं, ‘कुठं?’ तो म्हणाला, ‘गुजरात.’ एवढी ओळख पुरे झाली. ते ट्रकच्या डाव्या अंगाला गेले, डावा हात गाठीवर टेकवला आणि उजव्या हातानं काठी उभी वर नेली. काठी थरथरत होती. फाळक्याच्या वर पहिला थर संपला तिथून थोडी पुढं जाऊन थांबली.

‘इथं,’ ते म्हणाले. ‘दुसऱ्या थराला लागलं म्हणायचं. वर अजून एक थर असंल.’

मी हो म्हणालो. खरंतर वरच्या थराचा उल्लेख अहवालाच्या त्या पानांत नव्हता.

त्यांनी काठी खाली घेतली, गाठीवरचा हात काढण्याआधी दोर दोन बोटांनी ओढून पाहिला आणि ड्रायव्हरकडं वळून म्हणाले, ‘अहो, मागचा दोर ढिला हाय. आवळून घ्या.’