पहिली धार

आमची संगमनेरी शेळी व्याली, तेव्हा तासाभराच्या आत दोन्ही करडांना चीक पाजून आम्ही निश्चिंत झालो. तिसऱ्या दिवशी ती डाव्या सडाला करडांना लागू देईना. पहिलटकरीण आहे, होईल सवय, असे म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. संध्याकाळी हात लावला, तर कासेची ती बाजू तापलेली आणि घट्ट. कासदाहाला गावात 'दगडी' का म्हणतात, ते त्या दिवशी बोटांना कळले.

काळ्या फडक्यावर धार पिळली. पाणचट दुधात गुठळ्या होत्या. उपचारांनी शेळी वाचली, पण ती बाजू कायमची आटली. शेळीच्या कासेचे भाग दोनच. म्हणजे अर्धे दूध गेले. औषधाचा अंश उतरेपर्यंत दुसऱ्या बाजूचे दूधही विकता आले नाही.

शेळीच्या दुधात पेशी मुळातच अधिक असतात. म्हणून गाईचे माप तिला लावता येत नाही, दोन सडांचीच आपसांत तुलना करावी लागते. आता रोज दोन्ही सडांची पहिली धार आम्ही काळ्या फडक्यावर पाहतो. मात्र त्या शेळीने लाथ झाडून हेच सांगितले होते, आणि आम्ही तिला अडाणी ठरवले होते, हे विसरता येत नाही.