मागच्या बाकावरून

मंगळवार, रात्र. न्यू जर्सी.

आज पुन्हा आम्ही चौघी वह्या घेऊन कोर्टात मागच्या बाकावर. भाडं थकलेल्यांचे खटले. घरमालकाकडे वकील, भाडेकरू बहुतेक एकटाच. आपण बोलायचं नाही. कोणाला किती वेळ मिळाला, तेवढं टिपायचं. एका बाईचं तीन मिनिटांत आटोपलं.

आम्हाला इथे पाठवणाऱ्या ज्यू महिला मंडळात मी आले ती ओळखी व्हाव्यात म्हणून. (आमच्या बेने इस्राएलींच्या मलिद्याची, गोड पोह्यांच्या प्रसादाची, कृती सांगून झाल्यावर पुढे काय बोलायचं, हा प्रश्नच होता!) मग कळलं, हे मंडळ ज्या ज्यू स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेचं, ती १८९३ मध्ये शिकागोत हॅना सॉलोमन यांनी उभारली; पुढे तिच्या कार्यकर्त्या एलिस बेटावर एकट्या उतरणाऱ्या मुलींना गाठत. आजी आठवली. अलिबागकडच्या शनिवार तेल्याची, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यू तेल्याची लेक; दारी आलेल्याला आधी पाणी द्यायची, मग नाव विचारायची.

आजच्या बाईला साधं पाणीही विचारलं नाही. गुरुवारी पुन्हा जायचंय.