पवनार ते कारंजा

नागपूरहून वर्ध्याला जाताना बुटीबोरीच्या पुढे सिंदी लागते. इथला तान्हा पोळा अख्ख्या विदर्भात नावाजलेला. त्या गर्दीत आम्ही दोघे मित्रही आपापले लाकडी नंदी ओढत नेत असू. दहावीनंतर मी इतिहासाकडे वळलो, तो गुराढोरांत रमला. भांडण कधीच झालं नाही. बोलायचे विषय तेवढे आटत गेले. यंदा मी त्याला म्हटलं, माझ्यासोबत पवनारला चल.

"येतो ना गा. पण दुसऱ्या दिवशी माह्यासंगं कारंज्याले चालशील?"

पवनारला धाम नदीकाठच्या टेकाडावर विनोबा 1938 मध्ये राहायला आले. तिथे जमीन खणताना जुनी शिल्पं निघाली, त्यांत राम-भरताच्या भेटीचं एक. मी त्यापुढे बराच वेळ थांबलो. मग मित्राला विनोबांच्या मित्रांबद्दल सांगितलं. 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेलाच उतरले आणि काशीला गेले. पुढे गांधीजींच्या आश्रमात ते रुजले, तेव्हा बडोद्याचे गोपाळराव काळे, रघुनाथ धोत्रे, मोघे हे सोबतीही त्याच वाटेला लागले. मैत्री आणि जन्माचं काम एकच झालं.

"सारेच थोडी जाते एका दोस्ताच्या मागं," मित्र म्हणाला आणि गुरांना पाण्यावर उतरायला काठ कुठे सोपा आहे, ते पाहायला खाली गेला.

दुसऱ्या दिवशी आर्वीवरून कारंजा घाडगे गाठलं. वाटेत कपाशी, तूर, मग संत्र्याच्या बागा. माळावर गवळाऊ गाई चरत होत्या: पांढऱ्या, सडपातळ, लांबट तोंडाच्या. नंद गवळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही जात. बैल चपळ, उन्हातान्हात टिकणारे. पण ट्रॅक्टर आले, बैलांची गरज घटली. दुधात संकरित गाई पुढे गेल्या. अस्सल वळू जपला नाही तर जातच सरमिसळ होऊन जाईल, हे मित्र पोटतिडकीने सांगत होता. एका कालवडीच्या पाठीवर हात ठेवून तिच्या आईची, आजीची हकिगत सांगताना तो थांबेचना. वंशावळी मीही वाचतो, राजघराण्यांच्या. इतक्या मायेने सांगितलेली वंशावळ मी आजवर ऐकली नव्हती.

तिथे मला पवनारचं शिल्प आठवलं. त्या भेटीनंतर राम वनातच राहिला, भरत नंदिग्रामी परतला. दोघांची कामं वेगळी होती; म्हणून त्या मिठीला उणेपणा आला नाही. विनोबांच्या सोबत्यांसारखी मैत्री थोरच, पण ती क्वचित कुणाला लाभते. बाकीच्यांनी वेगळं व्हावं आणि एकमेकांचं जग पाहायला आवर्जून जावं.

परतताना त्याने विचारलं, "ते मूर्ती कोन्या काळातली असंन गा?" मी सांगू लागलो. आर्वी येईपर्यंत त्याचे प्रश्न चालू होते आणि माझेही, वळूंबद्दलचे.